या प्रदेशासाठी नसलेली शाई

जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि आई माझ्या एका पिशवीतला काळ्या तिखटाचा डबा काढून दुसऱ्या पिशवीत कोंबत होती. लातूरहून हैदराबादचं विमानतळ गाठायचं म्हणजे तेव्हा अख्खा दिवस मोडायचा, म्हणून सकाळीच निघायचं ठरलेलं. गल्लीतल्या बायका कट्ट्यावर जमल्या होत्या. कुणी दही आणलेलं, कुणी नारळ, आणि एका काकूनं जर्मनीत लई थंडी असती म्हणून सुंठीची पुडी बांधून दिलेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. ते बाजूला उभे राहून एकच वाक्य घोळवत होते, "तिकडं सगळं नियमानं चालतं म्हणं. तू बी नियमानं ऱ्हा." आईचं वाक्य वेगळं होतं. "कागदं छातीशी धर. बाकीचं गेलं तर गेलं." माझा धाकटा भाऊ बालाजी टपावर चढून बॅगा दोरीनं आवळत होता. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "जा आक्का. हितलं मी बघतो."

त्या वाक्याच्या जिवावर मी इतकी वर्षं श्टुटगार्टमध्ये राहिले आहे. तुमच्यापैकी जे कुणी पुण्याला, बंगळूरला, दुबईला, अमेरिकेला गेलात, त्यांच्याही मागं असा एखादा असेलच, 'हितलं मी बघतो' म्हणणारा. तो आहे म्हणून आपण परदेशात बसून गावाकडच्या आठवणी काढतो. तो नसता तर आठवणी काढायच्या सोडून तिकिटं काढत बसलो असतो.

आमचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. मी आठवीत असताना भूकंप झाला. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते आणि पहाटे दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आजोबा त्यात गेले. आम्ही चौघं अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. मग पत्र्याची शेड आली, मग सरळसोट रस्त्यांचं नवं गाव आलं, घरांना नंबर आले. तेवढ्यात अण्णांची बदली लातूरला झाली, आणि दोन खोल्यांत भाड्यानं आलेलो आम्ही पुढं तिथलेच झालो. पण भूकंप काही आमच्या घरातून गेला नाही. आई अजूनही जड वस्तू उंचावर ठेवू देत नाही. फळीवर ठेवायचं ते फक्त हलकं. टीव्ही जमिनीवर, मिक्सर जमिनीवर, ट्रंका जमिनीवर. नव्या पाहुण्याला वाटतं, हे लोक कालच राहायला आलेत.

लातूर आमच्या डोळ्यांदेखत वाढलं. आम्ही आलो तेव्हा शिकवणी म्हणजे सरांच्या ओसरीवर सतरंजी. बघता बघता चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरापोरींच्या फोटोंचे फलक लागले, गल्लोगल्ली मेस निघाल्या आणि लोकांनी गच्च्यांवर पत्रे टाकून हॉस्टेलच्या खोल्या काढल्या. बाहेरगावचे आईबाप पोराला घेऊन यायचे, गादी-बादली खोलीत ठेवायचे आणि डोळे पुसत एसटीत बसायचे. मी मात्र उलट्या दिशेनं गेले, लातूरहून नांदेडला, इंजिनिअरिंगला. नवराही नांदेडचाच मिळाला. लातूर भारी की नांदेड, हा वाद आमच्याकडे अजून चालू असतो.

बालाजी बी.एस्सी. करून लातुरातच राहिला आणि त्यानं फिजिक्सचा क्लास काढला. खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर एक हॉल. खाली युरियाचा वास आणि वर न्यूटनचे नियम. मोठ्या क्लासांच्या काचेच्या इमारतींपुढं तो म्हणजे हत्तीपुढं मुंगी होता, पण त्याची एक खासियत होती. दर रविवारी परीक्षा, आणि पेपर दर वेळी कोराकरकरीत, स्वतः काढलेला. इतर छोटे क्लासवाले बाजारातून छापील पेपर आणायचे. हा आठवडाभर बसून गणितं रचायचा. उसानं भरलेली ट्रॉली चढावर थांबली तर किती जोर लागेल, टँकरच्या नळीतून गल्लीच्या टाकीत पाणी किती वेळात उतरेल, असली गणितं. पोरं त्या पेपरांसाठीच यायची.

आणि नेमके तेच पेपर फुटायला लागले. शनिवारी संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात पेपर दिला की रविवारी सकाळी पोरांच्या खिशात उत्तरं तयार. बालाजीनं दुकान बदललं, तिथंही तेच. पालक कुजबुजायला लागले. अशात राजस्थानातल्या कोचिंगच्या एका गावाहून त्याला बोलावणं आलं. चांगला पगार, राहायला फ्लॅट. त्यानं मला फोनवर सरळ सांगितलं, "आक्का, हे वर्ष बघतो. स्वतःचं मशीन घेऊन पेपर घरीच छापतो. जमलं तर ठीक, न्हाईतर जातो."

बालाजी गेला तर अण्णा आणि आई त्या दोन खोल्यांत एकटे. मग माझ्यासाठी लातूर म्हणजे काय राहणार होतं? वर्षातून एकदा जाऊन कुलूप उघडायचं, जळमटं काढायची आणि परत कुलूप लावायचं? नव्या गावातल्या आमच्या नंबरच्या घराचं तेच झालं होतं. मला ते पुन्हा नको होतं. म्हणून मी ऐटीत म्हटलं, "मशीन मी आणते. जर्मनीचं."

नवरा म्हणाला, "अगं, प्रिंटर लातुरात मिळतो. लातूरला न्यायचा तर लातुरातच घे." नांदेडच्या माणसाकडून लातूरबद्दल सल्ला मी कशी ऐकणार? मी इथं दुकानात जाऊन चांगला दणकट, दोन्ही बाजूंनी छापणारा प्रिंटर घेतला आणि दिवाळीला तो सामानातून घेऊन गेले. माझे कपडे हातातल्या पिशवीत, आणि मोठी बॅग सगळी त्या प्रिंटरची.

घरी त्याचं स्वागत सून आल्यासारखं झालं. नारळ फुटला. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. आईनं वरून टकटक करून पाहिलं आणि म्हणाली, "जर्मनचं हाय म्हनलीस ना? हे तर प्लास्टिक दिसतंय." आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, तिचं काय चुकलं? मग अर्थातच तो जड म्हणून जमिनीवर, पाटावर बसवण्यात आला आणि त्यावर क्रोशाचा रुमाल आला. बालाजी वाकून वाकून पेपर छापायचा. पण पेपर फुटायचे बंद झाले. मी श्टुटगार्टला परतले ती कॉलर ताठ करून.

नव्याचे नऊ दिवस सरले आणि मशीनबरोबर आलेली शाई संपली. बालाजीनं नांदेडच्या एका डीलरकडून शाईची नवी काडतुसं, म्हणजे कार्ट्रिज, मागवली. कंपनी तीच, डब्यावरचा नंबर तोच, चित्रही तेच. बसवली. मशीन थोडं घरघरलं आणि थांबलं. बालाजीचा फोन आला.

"आक्का, हे काय म्हनायलंय बघ. काडतूस ह्या प्रदेशासाठी न्हाई म्हनतंय."

"कुठलं घेतलंस?"

"नांदेडचं! आता नांदेड कोन्या मुलखात गेलं?"

मी म्हटलं पुन्हा काढून बसव. पुसून बसव. बंद करून चालू कर. आपल्याकडे कुठल्याही यंत्रावर चालणारे सगळे उपाय झाले, एक चापटही मारून झाली. मशीन आपलं तेच म्हणत होतं. शेवटी मी कंपनीच्या संकेतस्थळावर तासभर डोकं खुपसल्यावर उलगडा झाला. या कंपनीनं जगाचे तुकडे पाडले होते. युरोपात विकलेल्या मशीनला युरोपात विकलेलीच शाई चालते, भारतात विकलेल्याला भारतातली. आत तीच काळी शाई, पण काडतुसावरच्या इवल्याशा चिपमध्ये तिचा मुलूख लिहिलेला. नांदेडची शाई योग्य प्रदेशातलीच होती. परक्या प्रदेशातलं होतं ते आमचं मशीन. तुम्हाला वाटेल आता ही बाई स्वतःची तुलना त्या मशीनशी करणार. अजिबात नाही करणार. मी इथलंही खाते आणि तिथलंही खाते, मला कधी कुणी चिप बघून नकार दिलेला नाही.

मग सुरू झाले फोन. मी इथल्या हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, उपकरण कुठं आहे? भारतात. मग आम्ही त्सुश्टेंडिश नाही. या शब्दाशी जर्मनीत येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्याच महिन्यात ओळख होते. त्सुश्टेंडिश म्हणजे हे काम ज्याच्याकडं येतं तो. आणि आपण ज्याच्यापुढं उभे असतो तो कधीच त्सुश्टेंडिश नसतो. मग बालाजीनं भारतातल्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी मशीनचा नंबर घेतला आणि सांगितलं, हे युरोपचं आहे सर, तिकडं विचारा. म्हणजे तहसील कचेरीतल्या 'त्या टेबलाला विचारा'चाच प्रकार. फक्त इथं एक टेबल लातुरात आणि दुसरं जर्मनीत. अण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "नियमानं चालायलेत ते."

एक गोष्ट मात्र या भानगडीत बदलली. आधी मी घरी फक्त रविवारी फोन करायचे. सगळे बरे का, जेवण झालं का, पाऊस पडला का, ठेवते. आता रोज करायला लागले. इथली दुपार म्हणजे तिथली संध्याकाळ. ऑफिसातून जेवायला बाहेर पडले की आधी लातूर लावायचं. छापून झालं का? आज काय म्हणालं मशीन? बालाजी क्लासवर असला की आई उचलायची आणि मग शाईचा सगळा राग तिच्यावर निघायचा. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती ऐकून घ्यायची आणि मग मध्येच कारळाची चटणी केल्याचं सांगायची. मी अजून चिडायचे.

उपाय एकच दिसत होता. युरोपातली शाई इथून पाठवायची. पोस्टानं पाठवलेला पहिला डबा कुठं गेला ते देवालाच ठाऊक. मग मी जाणारा-येणारा धरायला लागले. तोवर लातूर-नांदेडकडची खूप पोरं जर्मनीत शिकायला यायला लागली होती, त्या कोचिंगच्याच कारखान्यातून निघालेली. त्यांच्या आया त्यांच्याबरोबर माझ्यासाठी कडक भाकरी आणि काळं तिखट धाडायच्या. ती पोरं सुट्टीला गावी निघाली की मी त्यांच्या हातात काडतुसं द्यायचे. उदगीरची शिवकांता म्हणून एक मुलगी होती, गुणी पोरगी. तिच्या बॅगेत विमानात एक काडतूस फुटलं आणि आईसाठी घेतलेला पांढरा स्वेटर निळाकाळा झाला. तिनं मला काही म्हटलं नाही, पण पुढच्या सुट्टीत जाताना मला कळवलंच नाही. मला तिचं पटलं.

तेवढ्यात हेल्पलाइनवर एक माणूस भेटला जो चुकून त्सुश्टेंडिश निघाला. त्यानं सांगितलं, मशीनचा प्रदेश बदलता येतो, पण एकदाच. त्यासाठी आत युरोपातली नवी, अस्सल काडतुसं बसवायची, मशीन चालू ठेवायचं आणि ठरल्या वेळी फोन करायचा. मग ते एक कोड देणार. ठरल्या वेळेला इथं टेरमीन म्हणतात. केस कापायला टेरमीन, दाताला टेरमीन, तसा शाईचाही टेरमीन. मी आठवड्यानंतरचा सोमवार घेतला. देगलूरला जाणाऱ्या एका मुलाच्या हाती नवा संच धाडला, तो वेळेत लातूरला पोचलाही. मी बालाजीला दहादा बजावलं, टेरमीनपर्यंत उघडू नका, नीट ठेवा. बालाजीनं आईला बजावलं, "जपून ठिव. उन्हानं वाळली की कामातनं गेली."

मे महिना होता. लातूरचा मे. नळाला पाणी नव्हतं, टँकर येईल तेव्हा गल्ली हंडे घेऊन पळायची. आईनं विचार केला. घरात उन्हानं वाळणारी आणि जपायची वस्तू एकच होती, अण्णांची विड्याची पानं. ती कशी टिकतात? ओल्या फडक्यात. तिनं डबे फोडले, वरचं प्लास्टिक काढलं, काडतुसं एकेक करून ओल्या सुती फडक्यात गुंडाळली आणि माठाच्या आडोशाला जमिनीवर ठेवली. आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडलं. टँकरच्या पाण्यातलं.

सोमवारी टेरमीनला बालाजीनं फडकं सोडलं तर चिपवर हिरवा थर चढलेला आणि फडकं निळं-जांभळं झालेलं. मशीननं ती काडतुसं ओळखलीच नाहीत. फोनवरचा माणूस म्हणाला, क्षमा करा, आता पुन्हा टेरमीन घ्यावा लागेल, आणि ठेवून दिला.

मी आईवर ओरडले. ऑफिसच्या खालच्या फुटपाथवर उभी राहून, लोक बघत होते तरी, मी मराठीत मोठमोठ्यानं ओरडले. शाई काय पानं आहेत का? कुणाला विचारायचं तरी! माणूस इतकं करतं आणि तुम्ही! आई म्हणाली, "तुझ्याकडून आलेली वस्तू. उन्हात ठिवू व्हय? आमी हंडाभर पान्यात अंघोळी उरकल्या, पर तुझी शाई वाळू दिली न्हाई." त्या आठवड्याचा रविवार समोर दिसत होता, कोरा, पेपरशिवायचा. बालाजी बॅगा भरताना दिसत होता.

पण तो रविवार निभावला. बालाजी म्हणाला, "केलं मी कायतरी, तू टेन्शन नको घेऊ." पुढचाही निभावला. मी विचारलं की म्हणायचा, "चाललंय." राजस्थानाचं विचारलं की म्हणायचा, "बघू." 'बघू' म्हणजे जाणार, असंच मी धरलं. मी आणखी जोरानं कामाला लागले. वर्षभर जो भेटेल त्याच्या हाती शाई धाडली. नवा टेरमीन मिळायचा तर काडतुसं पोचलेली नसायची, काडतुसं पोचायची तर टेरमीन निघून गेलेला. नवरा म्हणायचा, "अगं, एवढ्या खटपटीत आपलं पीआर झालं असतं." पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना. तोही चाललाच होता, दुसऱ्या एका कचेरीत, दुसऱ्या एका न-त्सुश्टेंडिश माणसाकडं. दोन्हीकडं मी एकाच सुरात बोलत होते.

मधल्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून शेवटी त्याच्या पुढच्या दिवाळीला मी स्वतःच नवा संच हातातल्या पिशवीत घेऊन लातूरला पोचले. कुणाचा भरवसा नको. पाटावरच्या प्रिंटरपुढं मांडी घालून बसले आणि फोन लावला. एका बाईनं माझ्याकडून नंबरांवर नंबर वदवून घेतले आणि मग विचारलं, "हे उपकरण यापुढं कायमचं भारतातच राहणार आहे, याची खात्री आहे ना? एकदा बदललं की परत युरोपात आणता येणार नाही." मी म्हटलं, हो. बाई म्हणाली, नीट विचार करून सांगा. मी म्हटलं, अहो, दोन वर्षं दुसरा विचारच केलेला नाही. तिनं कोड सांगितला. मी तो दाबला. मशीन बराच वेळ घरघरलं. मग आम्ही नांदेडची काडतुसं आत घातली आणि ते मुकाट्यानं छापायला लागलं!

मी उड्याच मारल्या. अण्णांनी टाळी वाजवली. आई आणि बालाजी मात्र एकमेकांकडं बघत होते. मी म्हटलं, "चल, क्लासवर नेऊ या हे. उद्याचा पेपर यावर छापू."

"कशाला? ऱ्हाऊ दे हितंच," बालाजी म्हणाला.

"का राहू दे? चल, धर एका बाजूनं."

तो हलेना. मग मी एकटीच तरातरा क्लासवर गेले, निदान जागा तरी पाहून ठेवावी म्हणून. तो मागून आला, पण उशिरा आला. हॉलच्या कोपऱ्यात, फळ्याखाली, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं झाकलेलं एक लहानसं काळं मशीन होतं. बाजूला शाईच्या बाटल्या. टाकीत शाई ओतायची आणि छापायचं, काडतुसाचं नाव नाही. लातुरातल्याच दुकानातलं.

"हे कधी घेतलंस?"

बालाजी दारातच उभा. "ते ओल्या फडक्याचं झालं ना, त्याच आठवड्यात. रविवारचा पेपर होता, थांबायला टाइम न्हवता."

"म्हणजे दीड वर्ष होत आलं!"

"हाव."

"आणि राजस्थान?"

"त्यांना तवाच न्हाई म्हनलो. पेपर फुटंना झाले, पोरं परत आली. जायचं कशाला?"

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी असा संताप आला की काय सांगू. बालाजी जाणार नव्हता. कधीचाच जाणार नव्हता. आणि मी इकडं पोरांच्या बॅगा शोधत फिरत होते, हेल्पलाइनच्या संगीतावर जेवत होते, नवऱ्याची टिंगल सोसत होते! "मग मला सांगितलं का नाहीस? मी काय येडी म्हणून..."

"आई म्हनली, सांगू नको."

घरी आले तेव्हा आई परातीत कारळं निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आधीच तिला माझ्या तोंडावरून कळलं. शेजारी ट्रंक उघडी होती आणि त्यात मी वर्षभरात धाडलेली सगळी काडतुसं रचून ठेवलेली. या खेपेला कोरड्या फडक्यात.

"हाव, मीच म्हनले," ती हात न थांबवता म्हणाली. "आधी तू रविवारी फोन करायचीस. बरे हायेत का, हाव, ठिवते. झालं. शाईचं सुरू झाल्यापासनं रोज कराया लागलीस. वरडायचीस, भांडायचीस, पर रोज. मी बालाजीला म्हनले, चालू दे. शाईचं जमलं म्हनून कळलं की पोरगी परत गप बसंल."

मला राग यायला हवा होता आणि तो आलाच होता. एवढा सगळा आटापिटा, आणि सगळ्या घरानं मिळून मला मामा बनवलेलं! पण मी तिच्या परातीपुढं बसले आणि रडले. आईनं कारळाचे हात लुगड्याला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "आता मशीन चालू झालंय तर वाया नको." तेव्हापासून गल्लीत कुणाचंही रेल्वेचं तिकीट, कुणाच्या पोराचं हॉल तिकीट अण्णा पाटापुढं बसून छापून देतात. कंपनीची शाई त्यांना नांदेडहून मिळते आणि ते तिला फडक्यात गुंडाळत नाहीत.

मी परत आले. शाईचा विषय संपला. पहिले काही दिवस दुपारी ऑफिसातून बाहेर पडले की हात फोनकडं जायचा आणि थांबायचा. काय बोलणार? पाऊस? जेवण? मी किती वर्षं फक्त कामापुरतं घरी बोलत होते, हे त्या फुटपाथवर मला पहिल्यांदा कळलं. भांडायला काहीतरी असलं की आपण मोकळे असतो. नुसतं बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. तुमचंही असंच होत असेल तर लाजू नका, आपल्या सगळ्यांचं होतं. आणि घर कुठं आहे असं आता कुणी मला विचारलं, तर मी पत्ता सांगत नाही. जिथं काही काम नसताना फोन लावायचं धाडस होतं ते माझं घर, आणि ते धाडस मला अजून दर दुपारी गोळा करावं लागतं.

परवा लावला. आईनं उचलला. भूकंप पाहिलेली माणसं अवेळी फोन आला की आधी घाबरतात.

"काय गं? काय झालं? काय काम होतं?"

"काही नाही, आई. उगंच केला."

पलीकडं परात सरकवल्याचा आवाज आला.

"मग बोल की."